रुख्मिणीची उंची

१४ जून २०२५

आज रुख्मिणीला अकोल्याहून घरी आणलं. तिच्या पाठीत आता सिमेंट आहे. मे महिन्यात गादी उन्हात टाकायला म्हणून उचलली आणि कंबरेच्या वरचा एक मणका चेपला. हाडं आतून ठिसूळ झाली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी सुईने त्या मणक्यात सिमेंट भरलं आणि दुसऱ्या दिवशी माझी ही बायको उठून बसली. गाडीत आमचं केनवड येईपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी मनात म्हणत होतो, घराला सिमेंट लावलं की आठवडाभर पाणी मारतात, हिला काय मारायचं?

मी सरकारी भूमापक होतो. सारा जन्म साखळी धरून लोकांची शेतं मोजली. दिवसाचं काम लिहून काढायची सवय तेव्हाची, निवृत्तीनंतर सुटली होती. आजपासून पुन्हा धरतो.

२ जुलै

वाशिमला तपासणीला गेलो. डॉक्टर स्नेहा वयाने आमच्या पोरीएवढ्या, पण बोलणं रोखठोक. त्यांनी रुख्मिणीच्या पाठीचा एमआरआय काचेवर लावला, मागून दिवा पेटवला, आणि मला तर तो शिवाराचा नकाशाच दिसला. एकाखाली एक चौकोनी शेतं, मधे धुरे, म्हणजे बांध. सिमेंट भरलेलं शेत काळंकुट्ट होतं.

"काका, हा काळा म्हंजे सिमेंटवाला मणका. आता याच्या वरचा पाहा. कसा दिसते?"

"पांढरा."

"निरोगी हाडाचं जाळं दाट असते. जाळं विरळ झालं का त्याच्यात चरबी भरते. ते चरबी या फोटोत पांढरी येते. जितकं पांढरं तितकं हाड कमजोर."

"मंग तो तुटते काय?"

"तुटनच असं नाई. अंदाज हाय. पन तुटला तर पयले हाच तुटन. शेजारी सिमेंट कडक, हा नरम. आन पाठीच्या मांसातबी चरबीच्या रेघा दिसून राह्यल्या. मांस मजबूत असलं तर हाडाले आधार भेटते."

रुख्मिणी खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. तिने एकच विचारलं, "तो तुटला तर मी उभी राहीन का बाई?"

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "पुन्हा पुन्हा तुटत गेले तर कठीण होते, काकू. म्हनून तर आधीच पाहून राह्यलो."

त्या पुढे इंजेक्शनाबद्दल, रोज चालण्याबद्दल, कशाकशाबद्दल बरंच बोलल्या. पण मुद्द्याची गोष्ट मी पक्की ध्यानात ठेवली: वाकायचं नाही आणि वजन उचलायचं नाही. म्हणजे हिने हलायचंच नाही. दुसरी गोष्ट, दर महिन्याला उंची पाहायची. उंची घटली तर समजायचं, मणका दबला. मी म्हटलं, "बाई, मोजणी माह्यावर सोडा."

८ जुलै

घर ताब्यात घेतलं आहे. झाडलोट, भांडी, हौदातून पाणी काढणं, सगळं माझ्याकडे. रुख्मिणी खाटेवर. ती उठायला लागली की मी ओरडतो.

"अवो, मी काय काचेची बांगडी हाओ?" ती म्हणाली.

"त्यापेक्षा नाजूक. फोटो पाह्यला ना?"

फोटो मी खिडकीच्या गजाला अडकवून ठेवला आहे. सकाळचं ऊन त्यातून आलं की हिच्या पाठीचं शिवार भिंतीवर उतरतं, फिकट, हलतं. तो पांढरा मणका तेवढा लखलखतो. मी चहा पिता पिता त्याच्याकडे पाहत बसतो. कधी वाटतं त्यात धुकं भरलं आहे आणि आत कोणीतरी चालतं आहे.

दम्याची पांढरी गोळी संपत आली. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरकडून आणायची आहे. कैक वर्षं घेतो आहे, घेतली की छाती कशी मोकळी होते.

१५ जुलै

स्वप्नात मी त्या फोटोच्या शिवारात होतो. पांढऱ्या शेतात. पायाखाली माती नव्हती, कापूस असतो तसं काहीतरी मऊ होतं. धुऱ्यावर नानाजी उभे होते. नानाजींनी मला मोजणी शिकवली, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. हातात साखळी, एकेक कडी बोटांतून सरकवत होते, आणि मला काहीतरी सांगत होते. वारा इतका होता की ऐकूच आलं नाही.

जागा झाल्यावर मेडशी गावचं एक जुनं प्रकरण आठवलं. एका माणसाचं शेत मागच्या मोजणीपेक्षा वाढून निघालं. त्याने आनंदाने पेढे वाटले, शेजारी काठ्या घेऊन आला. नानाजींनी कोणाला काही न बोलता साखळी जमिनीवर पसरली आणि तपासली. दोन कड्या वाकल्या होत्या. "साखळी आखूड झाली का शेत वाढते, जगदेव," ते म्हणाले, "म्हनून आंधी साखळी तपासाची, मंग शेत मोजाचं." पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले होते, ते परत कोणी दिले नाहीत.

१९ जुलै

सकाळी पाण्याचा ड्रम उचलताना 'कट्' असा आवाज आला. ड्रमचा कान तुटला वाटून पाहिलं, तर धड होता. दिवसभर पाठीत करवत चालल्यासारखं झालं. वय झालं, दुसरं काय. रुख्मिणीला सांगितलं नाही. ती लगेच उठून पाणी भरायला जाईल, आणि मग तो मणका.

दुपारी गोळी घेऊन झोपलो. उठलो तेव्हा हिच्या चपला ओट्यावर चिखलाने भरलेल्या होत्या. विचारलं, तर म्हणाली राखी घालून गेली होती. राखी शेजारची, रिसोडला कॉलेजात जाते. अलीकडे रोज दुपारी येते आणि हिला पेपर वाचून दाखवते. चांगली पोरगी आहे, पण दुसऱ्याच्या चपला घालण्याची सवय बरी नव्हे.

३ ऑगस्ट

आज उंची पाहिली. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा ओढायला मी काही शाळकरी पोरगा नाही. माझी उंची पाच फूट सात इंच, नोकरीला लागताना सरकारी डॉक्टरने लिहिलेली आहे. रुख्मिणीला माझ्याशेजारी ताठ उभं केलं, तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी ठेवली आणि पट्टीचं दुसरं टोक माझ्या चेहऱ्यावर कुठे येतं ते बोटाने धरलं. जुलैत दवाखान्यातून आल्यावर पाहिलं तेव्हा पट्टी माझ्या डोळ्यांवर आली होती. आज भुवईवर आली.

म्हणजे ही वाढली!

मी पुन्हा मोजलं. भुवईच. मी इतका हरखलो की हसताना पाठीत चमक निघाली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"रुख्मिणे, तू उंच होऊन राह्यली."

"या वयात? बापा!"

"सिमेंटनं वर उचललं असन. आन मी तुले हलू देत नाई त्याचा फायदा."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तुमी वाकून उभे होते का?" मी म्हटलं, भूमापक कधी वाकून उभा राहत नाही.

२२ ऑगस्ट, पोळा

गावातले बैल सजून गेले. आम्ही ओट्यावरून पाहिले. घुंगरांचा आवाज लांब गेल्यावरही कानात राहतो, तसाच आज राहिला आहे.

शिंपी बिघडला आहे. मागच्या वर्षी शिवलेले दोन्ही पायजमे टाचेखाली लोळतात. रुख्मिणी म्हणाली, "कपडा कधी वाढते का?" मी म्हटलं, आजकालच्या साबणाने काहीही होतं. न्हाणीजवळचा आरसाही कोणीतरी वर टांगला आहे, दाढी करताना मला टाचा उचलाव्या लागतात. राखीचं काम असेल. पोरी उंच असतात हल्ली.

पोट थोडं पुढे आलं आहे. स्वतःच्या हातचं खाऊन अंगी लागलं म्हणायचं.

७ सप्टेंबर

आज भुलाबाई बसली. राखीने मातीची भुलाबाई आणि भुलोजी आणले, त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा माळा, छोटा मांडवच, उभा केला. आमच्या घरी भुलाबाई दरवर्षी बसते. रुख्मिणी गाणी सांगते, गल्लीतल्या पोरी टिपऱ्या धरून तिच्यामागे म्हणतात. यंदा मी सांगून ठेवलं होतं की तिने खाटेवरूनच गायचं.

गाणी झाल्यावर खाऊ ओळखायचा खेळ. डबा झाकलेला, पोरी कानाशी धरून हलवतात आणि विचारतात, गोड का तिखट, गोल का लांब. आवाजावरून ओळखायचं. मला दवाखान्यातला तो दिवा आठवला. डॉक्टरीणबाईही हेच करतात, झाकण न काढता आत काय आहे ते सांगतात. मी रुख्मिणीला तसं म्हटलं.

"पन त्याईले डबा हलवा लागत नाई," ती म्हणाली.

शेवटचं गाणं चालू असताना मी पाणी आणायला आत गेलो. बाहेर आलो तर ही खाटेवरून उठून पोरींच्या मधे उभी होती, टिपरी धरून, आणि पाय असे हलत होते जसे लग्नाच्या वेळी पाहिले होते. मी ओरडणार होतो. पण हातातला तांब्या धरून पाहतच राहिलो. किती सुंदर दिसत होती. भीती वाटत होती आणि तरी मला तिला थांबवावंसं वाटलं नाही.

नंतर मात्र रागावलो. तिने गुपचूप ऐकून घेतलं. धापही लागली नव्हती तिला.

२१ सप्टेंबर

पट्टी आज माझ्या कपाळाच्या मध्यावर आली!

राहवलं नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "बाई, रुख्मिणीची उंची वाढून राह्यली. जुलैत डोळ्यापाशी होती, आता कपाळापाशी."

"कोनाच्या कपाळापाशी, काका?"

"माह्या."

मग त्यांनी विचारलं, "काका, तुमची पाठ दुखते काय?"

"मायं सोडा. वयाचं हाय."

"गोळ्या कोनत्या चालू हायेत?"

दम्याची सांगितली. किती वर्षांपासून, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "चार तारखेच्या शनिवारी काकूचा एमआरआय हाय ना, त्याच्या संगं तुमीबी जेवून-खाऊन आरामात या. तोपर्यंत एक कळशीबी उचलाची नाई. तुमी. काकू नाई, तुमी." बाई कामाच्या गर्दीत काय बोलतात त्यांचं त्यांना कळत नाही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. ही शेजारीच उभी होती. तिने माझ्या हातातून बादली काढून घेतली आणि मी कितीही म्हटलं तरी परत दिली नाही.

रात्री नानाजी पुन्हा आले. तेच पांढरं शेत. या वेळी वारा नव्हता, पण ते काही बोललेच नाहीत, नुसती साखळी माझ्यापुढे धरली.

४ ऑक्टोबर

लिहायला बसलो आहे, पण टेकून बसावं लागतं. पाठीला पट्टा आहे.

वाशिमला पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी रुख्मिणीला उंचीच्या काट्याखाली उभं केलं. पाच फूट दोन इंच. जुलैच्या तपासणीत जेवढी होती तेवढीच, केसभरही जास्त नाही. मी म्हटलं, "काटा बिघडला हाय तुमचा."

"मंग तुमी उभे राहा त्याच्याखाली," त्या म्हणाल्या.

मी छाती काढून उभा राहिलो. लाकडी पट्टी डोक्यावर टेकली. त्या आकडा बोलल्या, पाच फूट चार. मी ऐकलं आणि काहीच समजलं नाही. मग समजलं. खोलीत सगळं असं हळू झालं, जसं पाण्याखाली होतं. मला नानाजी दिसले, साखळी पुढे धरून उभे. मेडशीचे पेढे दिसले. आणि दिवाळीआधी धुतलेल्या आरशासारखं सगळं स्वच्छ दिसायला लागलं: पायजमे, आरसा, ड्रमचा तो आवाज.

मला आधी फोटोसाठी आत घेतलं, मग तिला. नंतर दोघांच्या पाठी काचेवर शेजारी शेजारी लावल्या. एकामागोमाग तीन मणके माझे चेपलेले होते, धुऱ्यांत दबलेली शेतं. आणि बाकीचे पांढरे. रुख्मिणीच्या त्या मणक्याहून पांढरे. त्या पांढऱ्या गोळीने, ती स्टिरॉइडची होती म्हणे, छातीबरोबर हाडंही मोकळी केली होती. "एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी सांगन तशी हळूहळू कमी करू. इंजेक्शन तुमालेबी."

"आन हिचा तो मणका?" मी विचारलं.

"जागेवर हाय. आन हे पाहा, पाठीचं मांस जुलैपेक्षा भरलं. काकू, तुमी चालून राह्यल्या ना?"

रुख्मिणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे दुपारी गोळी घेऊन झोपले का मी आन राखी, देवळापर्यंत. मंग नाल्यापर्यंत. तुमीच तर सांगतलं होतं चालाले. याईले सांगतलं असतं तं याईनं दाराले कुलूप लावलं असतं."

चपलांचा चिखल. मी हसलो, आणि हसताना इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं दुखण्याचं नव्हतं. तीन महिने मी तिला खाटेला बांधून ठेवत होतो, आणि ती माझ्या नजरेआड स्वतःला जपत होती. मी जपलं ते काय?

"पुढचा कोनता तुटन माह्या?" मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. तो सगळ्यात लखलखीत होता. रुख्मिणीने फोटोकडे पाहिलं नाही. तिने माझा हात धरला आणि तो सोडलाच नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

आज भुलाबाईचा शेवटचा दिवस. दुधात चंद्र पडला होता. या वेळी खाटेवर मी होतो आणि रुख्मिणी उभी राहून गाणी सांगत होती. खाऊचा डबा मला हलवू दिला नाही. तिनेच माझ्या कानाशी धरून हलवला.

"गोड का तिखट?" मी विचारलं.

"गोड."

"पांढरं?"

"पांढरं असतं तं तुमाले दिलं असतं का?" ती म्हणाली आणि पोरी खो खो हसल्या. राजगिऱ्याचे लाडू होते. मी ओळखले नाहीत.

पोरी गेल्यावर ती पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन आली. मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं.

"हे कायले?"

"आंधी साखळी तपासाची, मंग शेत मोजाचं. तुमीच सांगत असता नं? लगनापासून आयकून राह्यली मी." तिने माझ्या डोक्यावर पट्टी ठेवून रेघ ओढली. मग स्वतः उभी राहिली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी तिची रेघ ओढली. दोन्हींत दोनच बोटांचं अंतर राहिलं आहे.

मी तिच्याकडे पाहिलं. लग्नात मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते खाली मान करून. आता डोळे जवळजवळ समोरासमोर येतात. हे असं आधी का पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटलं, आणि भीती तर वाटतच आहे. तिला ती दिसली असावी. म्हणाली, "उद्यापासून पाणी राखी भरन. तुमी नाई, मी नाई. आन पाठ जरा बरी झाली का चालाले मी नेईन तुमाले."

३ डिसेंबर

आज पहिल्यांदा नाल्यापर्यंत गेलो. धुकं इतकं होतं की तूर उभी आहे हे नुसतं वासावरून कळत होतं. पट्टा बांधून, हळूहळू. पायजमे राखीने खालून दुमडून शिवून दिले आहेत.

मोजणीत दोन माणसं लागतात. पुढचा साखळी ओढत जातो, मागचा खुंटीपाशी थांबून रेघ सरळ आहे का ते पाहतो. पुढचा साखळी ताणून हाक देतो, आणि मागून उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी जन्मभर पुढचा माणूस होतो. आज रुख्मिणी पुढे होती.

ती धुक्यात थोडी दिसेनाशी झाली आणि मी घाबरलो. पांढऱ्या शेतात एकटाच उभा असल्यासारखं वाटलं. तेवढ्यात पुढून तिची हाक आली.

"आले का वो?"

"आलो," मी म्हटलं. ती थांबून होती.